खिम्याला पाणी पाजताना

पहिल्यांदा केलेले मोतीगोळे, म्हणजे तांदळात घोळवून वाफवलेले खिम्याचे चिनी गोळे, आम्हाला सुरीने कापून खावे लागले. दिसायला ते अगदी चित्रातल्यासारखे होते, पांढऱ्याशुभ्र शितांनी माखलेले, वाफेने चकाकणारे, कोबीच्या पानावर ओळीने मांडलेले; पण आतला खिमा आवळून इतका घट्ट झाला होता की काट्याला दाद देईना, आणि वरच्या शितांच्या पोटात कच्च्या तांदळाची कणी दाताखाली कचकचत होती. कृतीत सांगितलेले जवळजवळ सगळे जिन्नस मी मोजून घातले होते, वेळही घड्याळ लावून पाळली होती. पुढे चार-पाच वेळा निरनिराळ्या प्रकारे बिघडवून झाल्यावर माझ्या लक्षात आले की वाफेवरच्या चिनी गोळ्यांचे बरेवाईट भांडे चुलीवर चढण्याच्या आधीच ठरलेले असते. खिमा किती कुटला, त्यात किती पाणी जिरवले आणि तांदूळ किती वेळ भिजला, या तीन गोष्टी जमल्या की वाफेला फारसे काही करायचे उरत नाही.

ज्यांना आपण सरसकट ‘चिनी मीटबॉल’ म्हणतो ते प्रत्यक्षात दूरदूरच्या प्रांतांतले वेगवेगळे पदार्थ आहेत. मी ज्यांना मोतीगोळे म्हणते ते ‘झेनझू वानझ’. नावाचा अर्थही तोच, कारण वरचा चिकट तांदूळ शिजून फुगला की एकेक शीत मोत्यासारखे चमकते. त्यांचे मूळ मध्य चीनमधल्या हुपेई प्रांतात सांगतात. त्या प्रांतातल्या मिएनयांग या जुन्या परगण्याला १९८६ सालापासून श्यानताओ शहर म्हणतात, पण तिथल्या वाफेवरच्या पदार्थांचे नाव बदललेले नाही. मांस, मासे आणि भाज्या तांदळाच्या भरडीत घोळवून वाफवण्याच्या रीतीला आजही ‘मिएनयांगचे तीन वाफवलेले’ असेच म्हटले जाते. दक्षिणेला ग्वांगझोऊ आणि हाँगकाँगच्या चहाघरांत मिळतात ते गोमांसाचे गुळगुळीत, किंचित उसळणारे गोळे. पूर्वेला यांगझोऊचे ‘सिंहाचे डोके’ म्हणजे मुठीएवढा मोठा, चमच्याने तुटणारा डुकराच्या मांसाचा गोळा. तो बहुधा कोबीच्या पानांखाली मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात, पण वाडग्यात ठेवून वाफवण्याची रीतही आहे. यांपैकी घरी सुरुवात करायला मोतीगोळे सर्वांत सोयीचे, म्हणून या लेखातला मुख्य ऐवज त्यांचाच आहे.

वाफेचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे, कारण बाकीच्या सगळ्या रीतीभाती त्यातून निघतात. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला सुमारे ४२० जूल उष्णता लागते, आणि एक ग्रॅम वाफ थंड पृष्ठभागावर आदळून पुन्हा पाणी झाली की ती २,२५० जूलांहून अधिक उष्णता तिथे सोडते. हाताला वाफेचा चटका इतका जबर का बसतो आणि एवढासा गोळा वीस मिनिटांत आतपर्यंत कसा शिजतो, या दोन्हींचे उत्तर हेच. मात्र वाफ शंभर अंशांच्या वर नेत नाही. मांसाला खमंग तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येण्यासाठी पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या आसपास जावा लागतो, आणि वाफेत तो कधीच जात नाही. तव्यावरच्या किंवा तळलेल्या गोळ्यात थोडे कमीजास्त झाले तर वरचा खरपूसपणा ते झाकून घेतो. वाफेवरच्या गोळ्याला असे पांघरूण नसते. त्यात मीठ कमी पडले तर ते कळते, मांस शिळे असेल तर तेही कळते, आणि खिमा नीट मळला नसेल तर पहिल्याच घासाला कळते. खमंगपणाची उणीव भरून काढण्यासाठीच या गोळ्यांत सोया सॉस, वाळवलेले शिताके अळिंब आणि कधी सुकी कोळंबी घालतात. वाळलेल्या अळिंबातली आणि सोया सॉसमधली चवीची द्रव्ये एकत्र आली की दोघांच्या बेरजेहून अधिक रुची येते, तेव्हा दोन-तीन अळिंबांचा खर्च मी तरी टाळत नाही.

आता मांस. मी अर्धा किलो डुकराचे मांस घेते, खांद्याचे आणि पोटाचे मिळून, ज्यात चरबी अंदाजे तीस टक्के असेल. पहिल्या खेपेला आरोग्याचा विचार करून मी चरबी काढून टाकलेला खिमा आणला होता आणि तिथेच निम्मा घात झाला. चरबी ही इथे चैन म्हणून नसते. शिजताना मांसातली प्रथिने आवळतात, आणि त्यांच्या मध्येमध्ये चरबीचे कण असले तर ती सलग एकमेकांना चिकटून दगड होत नाहीत. कोंबडीचे गोळे करायचे असतील तर मांडीचे मांस घ्यावे. छातीच्या मांसाचे गोळे मी दोनदा केले आणि दोन्ही वेळा त्यांना सॉसमध्ये बुडवूनच गिळावे लागले.

खिमा यंत्रातून काढलेला घ्यावा की हाताने कापावा, हा वाद चीनमध्ये फार जुना आहे. कवी आणि खवय्ये म्हणून प्रसिद्ध असलेले युआन मेई यांच्या १७९२ सालच्या ‘स्वेयुआन शीदान’ या पाककलेवरच्या ग्रंथात ‘आठ रत्नांचे गोळे’ आहेत. निम्मे लाल मांस आणि निम्मी चरबी कुटून लगदा करायचा, त्यात चिलगोजासारखे पाइनचे दाणे, अळिंब, बांबूचे कोंब, आले वगैरे बारीक करून घालायचे, पिठाने गोळे बांधायचे आणि गोड मद्य व सोया सॉस घालून वाफवायचे, अशी ती कृती आहे. गंमत पुढे आहे. आपल्याच कुळातल्या एका नातलगाचे मत युआन मेई तिथे नोंदवतात की गोळ्यांचे मांस कापावे, कुटू नये. आणि त्याचे काही वेगळे कारण असणार, एवढेच म्हणून ते विषय सोडून देतात. स्वतःच्या कृतीच्या शेवटी स्वतःच्याच विरोधातले मत टिपून ठेवणारा हा गृहस्थ मला फार आवडतो. यांगझोऊच्या आचाऱ्यांनी हा वाद आपल्यापुरता मिटवला आहे. ‘बारीक कापा, जाडसर कुटा’ असे त्यांच्याकडचे वचन आहे. मांसाचे आधी डाळिंबाच्या दाण्याएवढे तुकडे करायचे आणि मग सुऱ्याने वरवर चार हात मारायचे, म्हणजे तुकडे आपापला आकार राखूनही एकमेकांना धरतात.

माझ्या अनुभवाने दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण वेगवेगळ्या गोळ्यांसाठी. सिंहाच्या डोक्यासारखा मोठा, सैल, तोंडात विरघळणारा गोळा हवा तर कापलेले मांस हवे. मोतीगोळा लहान असतो आणि त्याला वरचे तांदूळ धरून ठेवायचे असतात, म्हणून त्यासाठी यंत्रातून एकदाच काढलेला जाडसर खिमा चालतो. तो फळीवर पसरून मी सुऱ्याने दोन-तीन मिनिटे कुटते, कारण यंत्रात मांस चिरडले जाते आणि त्यात लांब तंतू राहतात. ते तुटले की गोळ्याला एकसारखा पोत येतो. दोनदा दळलेला पिठासारखा खिमा मात्र घेऊ नये.

खरे काम यानंतर सुरू होते. चिनी आचारी त्याला ‘दा श्वे’ म्हणतात, म्हणजे मांसात पाणी मारणे. अर्धा किलो खिम्यात शंभर मिलिलिटर पाणी जिरवायचे असते, हे वाचून मलाही पहिल्यांदा ती छपाईची चूक वाटली होती आणि मी ते पाणी सरळ वगळले होते. हे पाणी साधे नसते. आल्याचा एक इंच तुकडा आणि कांद्याच्या दोन पाती ठेचून थंड पाण्यात वीस मिनिटे ठेवायच्या, हाताने चुरायच्या आणि गाळून घ्यायचे. आले व कांद्याचा वास त्यात पुरेपूर उतरतो, मांसाचा उग्रपणा मोडतो आणि गोळ्यात आल्याचे दोरे दाताखाली येत नाहीत.

क्रम पाळणे इथे फार गरजेचे आहे. सर्वांत आधी खिम्यात पाच ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा शाओशिंगचे तांदळाचे मद्य, चिमूटभर साखर आणि पांढरी मिरपूड घालून ढवळायचे. मीठ आधी घालण्याचे कारण चवीपलीकडचे आहे. मांसातले मायोसिन नावाचे प्रथिन खारट पाण्यात विरघळते, तंतूंमधून बाहेर येते आणि चिकट होते; शिजताना त्याचीच जाळी तयार होते आणि त्या जाळीत पाणी व चरबी अडकून राहते. मीठ शेवटी घातले तर ही जाळी अर्धवटच बनते आणि गोळा भुसभुशीत तरी होतो, नाहीतर पाणी सोडतो. सोया सॉसमध्येही बरेच मीठ असते, ते हिशेबात धरले नाही तर पदार्थ खारट होतो. मी एकदा केलेला आहे.

मीठ मुरून खिमा जरा चिकट वाटू लागला की आल्याचे पाणी घालायला घ्यावे, एका वेळी दोन चमचेच. घातलेले पाणी पूर्ण दिसेनासे होईपर्यंत ढवळायचे आणि मगच पुढचे घालायचे. सुरुवातीला खिमा पाण्यात पोहत असल्यासारखा दिसतो आणि आता हे काही जमत नाही अशी खात्री पटते. मग एकाएकी तो पाणी पिऊन घेतो. चार-पाच हप्त्यांत सगळे पाणी संपते आणि खिम्याचा रंग फिका होतो, भांड्याच्या कडेला तंतू ओढल्यासारखे दिसू लागतात, ढवळणाऱ्या काड्यांना जोर लागतो. या अवस्थेला चिनी भाषेत ‘शांग जिन’ म्हणतात. जोर चढणे, असे मी त्याचे मराठी करते. जोर चढला की नाही हे पाहायचे असेल तर थोडा खिमा तळहातावर घेऊन हात उलटा करावा. खिमा पडला नाही तर काम झाले.

ढवळायचे ते एकाच दिशेने, असे प्रत्येक चिनी कृतीत बजावलेले असते. दिशा बदलली तर चढलेला जोर उतरतो म्हणतात. मी हट्टाने अर्धा खिमा एकाच दिशेने आणि अर्धा मनाला येईल तसा ढवळून दोन्हींचे गोळे शेजारी शेजारी वाफवले, आणि डोळे मिटून खाल्ल्यावर घरात कुणालाच फरक सांगता आला नाही. तरीही मी एकाच दिशेने ढवळते, कारण त्यामुळे हाताला एक लय सापडते आणि माणूस मध्येच थांबत नाही. पाच ते सात मिनिटे न थांबता ढवळणे हेच बहुधा त्या नियमाच्या पोटातले शहाणपण असावे. तापमानाचा नियम मात्र मुळीच मोडू नये. मांस, पाणी आणि भांडे तिन्ही थंडगार असावीत. हाताच्या उबेने चरबी मऊ पडून माखल्यासारखी पसरली की ती जाळीत अडकत नाही, आणि वाफवताना वितळून ताटलीत येते. म्हणून मी हाताऐवजी चार काड्या एकत्र धरून ढवळते आणि उन्हाळ्यात भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवते.

पाणी जिरल्यानंतर एका अंड्याचा पांढरा भाग आणि दीड मोठा चमचा मक्याचे पीठ, म्हणजे ज्याला आपण कॉर्नफ्लोअर म्हणतो ते, मिसळायचे. मांस साठ-पासष्ट अंशांच्या पुढे तापले की आवळून पाणी सोडू लागते, आणि जवळपास त्याच सुमारास मक्याचे पीठ फुगून पाणी शोषू लागते. एकाने सोडलेले दुसऱ्याने झेलावे, अशी ही सोय आहे. पण पीठ जास्त झाले की गोळा रबरी लागतो. तेल सर्वांत शेवटी. भाजलेल्या तिळांचे दोन लहान चमचे तेल वासापुरते पुरते आणि ते आधी घातले तर खिम्याला तेलाचा लेप बसून पाणी आत शिरत नाही. एवढे झाले की भांडे झाकून तासभर शीतकपाटात ठेवावे.

वाफवण्याआधी चव पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. बोराएवढा खिमा उकळत्या पाण्यात टाकावा, दोन-तीन मिनिटांत तो शिजतो, आणि मीठ, मऊपणा, बांधणी तिन्हींची परीक्षा होते. कच्चा खिमा जिभेवर ठेवून पाहण्याची खोड ज्यांना असेल त्यांनी ती सोडावी.

कुरकुरीतपणासाठी खिम्यात ऐंशी ग्रॅम चिनी वॉटर चेस्टनट बारीक चिरून घालतात. याला पुष्कळ ठिकाणी शिंगाडा म्हटलेले दिसते, पण ती दोन अगदी वेगळी झाडे आहेत. शिंगाडा हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचे शिंगे असलेले फळ. चिनी वॉटर चेस्टनट हा नागरमोथ्याच्या कुळातल्या, चिखलात वाढणाऱ्या गवतासारख्या वनस्पतीचा कंद. त्याच्या पेशींच्या भिंती अशा रीतीने जोडलेल्या असतात की शिजल्यावरही तो करकरीतच राहतो. डबाबंद मिळतो तो चालतो, फक्त त्याचे पाणी नीट निथळून घ्यावे. तो नसेल तर कमळकाकडी बारीक चिरून घालावी. सरोवरांच्या हुपेई प्रांतात तीच विपुल असल्याने तिथे ती या गोळ्यांत घालतातही.

आता तांदूळ, ज्याने माझा पहिला बेत अर्धा बुडवला. इथे लागतो तो चिकट तांदूळ, चिनी भाषेत ‘नुओमी’. साध्या तांदळात स्टार्चचे दोन प्रकार असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतेच, म्हणून शिजल्यावर तो मोकळा न होता चकचकीत आणि चिवट होतो. हा तांदूळ पाण्यात घालून न शिजवता वाफेवरच शिजतो, आणि वाफेतून त्याला फार थोडे पाणी मिळते. म्हणजे शिजण्यापुरते पाणी त्याने आधीच पिऊन ठेवलेले असले पाहिजे. अर्ध्या तासाचे भिजवणे अगदीच अपुरे. किमान चार तास भिजवावा आणि रात्रभर भिजवला तरी काही बिघडत नाही. दोन बोटांत चिमटून दाणा सहज मोडला की तो तयार आहे असे समजावे. त्यानंतर तो चाळणीत घालून पंधरा मिनिटे निथळू द्यावा आणि पसरट ताटात सारखा पसरावा. ओला तांदूळ गोळ्यावर गठ्ठ्यागठ्ठ्याने चिकटतो आणि त्या गठ्ठ्यांच्या आतली शिते कच्ची राहतात. दोनशे ग्रॅम तांदूळ अर्धा किलो खिम्याला भरपूर होतो. काही जण डुकराच्या चरबीचा हात तांदळाला लावतात, त्याने चकाकी येते. मी कधी लावते, कधी नाही.

गोळा वळताना हात ओले करावेत. तीस ग्रॅमचा एक, म्हणजे लिंबाहून जरा लहान, असे साधारण पंचवीस गोळे होतात. खिमा एका हातातून दुसऱ्या हातात चार-पाच वेळा आपटावा, म्हणजे आतली हवा निघते आणि शिजल्यावर भेगा पडत नाहीत. मग तो तांदळाच्या ताटात ठेवून अलगद घोळवावा. इथे जोर लावून दाबण्याचा मोह होतो, कारण दाबल्याने शिते पक्की बसतील असे वाटते. पण शिते खिम्यात रुतली की फुगायला जागा राहत नाही, आणि मोत्यांऐवजी पांढरी साल चढल्यासारखे दिसते. शिते वरवर चिकटलेली असावीत, काही उभी असली तर उत्तमच.

वाफवण्यासाठी बांबूची करंडी असेल तर तिला तोड नाही, कारण तिचे विणलेले झाकण वाफेचे पाणी शोषते. धातूच्या भांड्याच्या झाकणावर वाफेचे थेंब साचून गोळ्यांवर टपटपतात आणि वरचा भात जागोजागी लगदा होतो. झाकण स्वच्छ कापडात बांधले की ही अडचण राहत नाही. तळाशी कोबीची पाने उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून पसरावीत. गोळ्यांमध्ये बोटभर अंतर हवे, तांदूळ फुगतो. पाणी खळखळून उकळल्यावर आणि झाकणाच्या कडेने जोरात वाफ निघू लागल्यावरच करंडी वर चढवावी. आरंभी भांड्यात हवा असते आणि हवेत मिसळलेल्या वाफेला पूर्ण धग नसते, त्यामुळे गार पाण्यावर चढवलेले गोळे शिजण्याआधी नुसते घामेजतात. मोठ्या आचेवर वीस मिनिटे पुरतात. मध्ये झाकण उघडून पाहू नये. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते, तेव्हा डोंगरावर राहणाऱ्यांनी चार-पाच मिनिटे वाढवावीत. शंका असेल तर गोळ्याच्या मध्यभागी तापमापक टोचावा. डुकराच्या किंवा गाईच्या खिम्याला ७१ अंश आणि कोंबडीच्या खिम्याला ७४ अंश ही सुरक्षित खूण मानतात. खिम्याच्या बाबतीत हा नियम सैल करण्यात अर्थ नाही, कारण बाहेरचे जंतू कुटताना आतपर्यंत पोचलेले असतात.

ग्वांगझोऊच्या पद्धतीचे गोमांसाचे गोळे करायचे असतील तर वरचे बरेचसे नियम तेच, पण रोख निराळा. तिथे उसळी हवी असते, म्हणून मांस अधिक बारीक करतात, अधिक वेळ आपटतात आणि त्यात थोडा खाण्याचा सोडा घालतात. सोड्याने मांसाचा आम्लपणा कमी होतो, प्रथिने कमी आवळतात आणि पाणी जास्त धरून ठेवतात. अर्धा किलोला पाव लहान चमचा एवढीच त्याची मर्यादा; त्यापुढे साबणाची चव येते आणि ती कशानेही जात नाही. या गोळ्यांत कोथिंबीर आणि संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवून मुरवलेली साल असते. शिनह्वे या गावची साल त्यासाठी नावाजलेली आहे, आणि ती मुरेल तितकी महाग. ती भिजवून, आतला पांढरा कडू भाग खरवडून, अगदी बारीक चिरून घालायची. गोळ्याखाली कोबीऐवजी सोयाबीनच्या दुधावरच्या सायीची वाळवलेली पट्टी भिजवून पसरतात. गोळ्यातून सुटणारा रस ती टिपून घेते आणि शेवटी गोळ्यापेक्षा तीच चविष्ट लागते. चहाघरात सोबत वूस्टरशर या आंबटगोड इंग्रजी सॉसची वाटी येते. ती का, असे वाटेल, पण खाऊन पाहिल्यावर वाटणार नाही.

युआन मेई यांच्या त्याच ग्रंथात आणखी एक करामत आहे, पोकळ गोळ्यांची. गोठलेल्या डुकराच्या चरबीची गोळी सारणासारखी मध्ये ठेवून मांसाचा गोळा बांधायचा आणि वाफवायचा; चरबी वितळून निघून जाते आणि गोळा आतून पोकळ होतो. यात जेनजिआंग शहराचे लोक सर्वांत तरबेज आहेत, असे ते लिहितात. मला हे वाचल्यापासून चैन पडेना. चरबी वितळवून, गाळून, वाटाण्याएवढ्या गोळ्या करून मी बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या आणि आठ गोळे केले. त्यातले दोन भेग पडून चरबीसकट पसरले, तीनमध्ये चरबी बाहेर न पडता आतच राहिली आणि चावताच टाळूला पोळली. उरलेले तीन मात्र खरोखर पोकळ निघाले, आतून गुळगुळीत, आणि बाहेरून कुणाला शंका येऊ नये असे. चवीत त्याने काय साधले हे मला सांगता येणार नाही. कापून दाखवताना जो आनंद झाला तो मात्र वादातीत होता. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी खिमा नेहमीपेक्षा बारीक कुटावा, भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवावी आणि वाढण्यापूर्वी पाच मिनिटे थांबावे.

मोतीगोळे गरम असतानाच खावेत, कारण चिकट तांदूळ थंड झाला की कडक होतो. उरलेच तर दुसऱ्या दिवशी सहा-सात मिनिटे पुन्हा वाफवले की पूर्ववत होतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र भात चिवट आणि खिमा कोरडा पडतो. साठवायचे असतील तर तांदूळ न लावता कच्चे गोळे गोठवावेत आणि आदल्या रात्री शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात काढून, बर्फ उतरल्यावर पुन्हा वळून तांदळात घोळवावेत. सोबत जेनजिआंगचेच काळे व्हिनेगर मला सर्वांत आवडते. तेही चिकट तांदळापासूनच करतात, आणि त्याचा गडद, जरासा गोडसर आंबटपणा चरबीचा जडपणा उतरवतो. त्यात आल्याचे केसासारखे काप घालून वाटी मध्ये ठेवावी.

करंडीऐवजी ताटलीत गोळे वाफवले तर तळाशी चार-पाच चमचे रस जमतो. वाफ, मांस, अळिंब आणि सोया सॉस यांचा तो अर्क असतो. तो एका पळीत घेऊन अर्धा चमचा मक्याचे पीठ पाण्यात कालवून घालावे, एक उकळी काढावी आणि पातळ चकाकता रस्सा गोळ्यांवर ओतावा. पहिल्या वेळी मी तो ताटलीतून मोरीत ओतून दिला होता.